कपाळावरची तिकली

एक्स-रे नुकतेच फिल्मवरून संगणकात शिरले होते, तेव्हाची गोष्ट. एका दवाखान्याच्या तळघरात संगणकांना जोडणारा एक नेटवर्क स्विच राहायचा. साठवणीच्या संगणकातले एक्स-रे फोटो वर डॉक्टरांच्या पडद्यापर्यंत पोचवायचे, हे त्याचं काम. त्याच्या कपाळावर हिरव्या दिव्यांची रांग होती आणि टोकाला एक नारिंगी दिवा. तो काही दुखलंखुपलं तरच लागायचा.

एके सकाळी तो लागला आणि स्विचला म्हणाला, "दादा, डावा पंखा अडखळतोय. नवा फळीवरच आहे. तुम्हाला बंदही करावं लागणार नाही, दोन मिनिटांचं काम."

"आजच?" स्विच खेकसला. "मोठे साहेब पाहणीला यायचेत. शोभा करू नकोस."

देखभाल करणाऱ्या हेमांगीबाईंनाही तेच वाटलं. "उद्या बघते हं तुझ्याकडे," म्हणत त्यांनी आपली मखमली तिकली काढून दिव्यावर चिकटवली. साहेब खूश झाले, स्विच फुशारला. पंख्याचं मात्र राहूनच गेलं.

आठव्या दिवशी पंखा थांबला. तापलेल्या स्विचनं जीव वाचवायला फोटो जाण्यायेण्याची सगळी दारं मिटली. वर ऑपरेशनच्या टेबलावर रुग्ण, आणि पडद्यावर फोटो नाही! हेमांगीबाई धावत आल्या. तिकलीचं त्या विसरूनच गेल्या होत्या; नारिंगी दिवा कुठेच लागलेला दिसेना, म्हणून एकेक वायर चाचपत बसल्या. अर्ध्या तासानं त्यांचं बोट तिकलीवर पडलं.

तिकली निघाली. खाली दिवा लागलेलाच होता.

"कधीपासून सांगत होतास रे?" स्विचनं हळूच विचारलं.

"थांबलोच नव्हतो, दादा."