एकशे नव्व्याण्णव बिया

फार पूर्वी, घाट पायीच ओलांडावा लागे त्या काळी, घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक लाडूवाली राहत होती. तिच्या लाडवांना चूल लागत नसे. खजूर कुटायचा, सुके अंजीर बारीक चिरून त्यात मळायचे, बदाम आणि शेंगदाणे जाडसर ठेचून घालायचे आणि लाडू वळून तिळात घोळवायचे. पाक नाही की तूप नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण संध्याकाळी खांदे बोलू लागतात.

हे लाडू न्यायला बैलांचा एक तांडा येई. मिठाच्या गोण्या घेऊन तो तीन दिवसांत घाट चढून पलीकडे उतरे. वर वाळलेलं गवत आणि भणाणता वारा, त्यामुळे विस्तव करायला बंदी. बायामाणसं, पोरंटोरं, सगळी या लाडवांवरच चालत.

तांड्याचा नाईक दर खेपेला दोनशे खजूर मोजून देई आणि लाडवांबरोबर दोनशे बिया मोजून परत घेई. एका वर्षी घाटात त्याच्याच मुलाच्या घशात लाडवातली बी अडकली होती. लाडू भलत्याच गावचे होते, पण पोर कसंबसं वाचलं होतं. तेव्हापासून हा नियम होता. वीस वर्षांत लाडूवालीची एकही बी कमी भरली नव्हती. तिला याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

त्या दिवशी नाईक सकाळीच खजूर देऊन गेला. जाताना म्हणाला, "आक्का, ऊन कलायच्या आत निघायचंय. उजेडी पहिला टप्पा गाठू."

लाडूवाली आणि तिची नवी सून कामाला लागल्या. दुपारपर्यंत परात भरली. मग सासूने बिया मोजल्या. एकशे नव्व्याण्णव. पुन्हा मोजल्या, तरी तेवढ्याच. उखळीत पाहिलं, जमीन झाडली, पदर झटकला. बी कुठेच नव्हती.

लाडू फोडून पाहायचे तर दुपार जाणार, तांडा खोळंबणार आणि वीस वर्षांचं नाव जाणार. लाडूवाली अंगणात गेली, घरी खाल्लेल्या खजुराची एक बी मातीतून उचलली, पुसली आणि वाटीत टाकली.

"झाल्या दोनशे," ती म्हणाली.

सून बघत होती. या घरात येऊन तिला दोनच महिने झाले होते. सासूला उलट बोलायची तिची छाती नव्हती. तिने हात धुतले, परातीपुढे बसली आणि पहिला लाडू फोडला.

"अगं, हे काय चाललंय?"

"बी शोधते."

"सांगितलं ना, दोनशे झाल्या म्हणून."

"वाटीत झाल्या, सासूबाई. लाडवातली लाडवातच आहे."

सासू संतापली. "तांडा दुसरीकडे गेला तर पावसाळ्यात काय खाशील?"

सुनेने दुसरा लाडू फोडला. "ते मला नाही ठाऊक. पण त्यांची पोरं चालता चालता खातात. नीट चावतंय कोण?"

सासूला आणखीच राग आला. त्या रागातच तिने पदर खोचला आणि समोर बसून तीही लाडू फोडू लागली.

चाळीस लाडू फुटले, पन्नास फुटले. बावन्नाव्या लाडवात बी निघाली. लाडू सासूच्याच हातात होता. तिने बी बोटांत धरली. एखाद्या लेकराच्या हातावर हा लाडू आपण हसत ठेवला असता, या विचाराने तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात नाईक दारात आला. परातीतला चुरा पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आक्का, लाडू कुठायत?"

परात हातातून पडली असं सांगता आलं असतं. सून गप्पच राहिली असती. पण लाडूवालीने वाटीतली अंगणातली बी काढून नाईकाच्या तळहातावर ठेवली.

"एक बी लाडवात गेली होती, नाईक. मी ही बाहेरची टाकून दोनशे करून ठेवल्या. सुनेनं लाडू फोडले म्हणून खरी सापडली. आता तुम्ही दुसरीकडे गेलात तरी माझं काही म्हणणं नाही."

नाईकाने ती बी मुठीत धरली. मग दाराबाहेर वळून त्याने बैल सोडायला सांगितले. "आज मुक्काम इथेच. उद्या निघू. तुम्ही लाडू पुन्हा वळा." आणि जरा थांबून म्हणाला, "पुढच्या खेपेपासून बिया मोजत बसणार नाही, आक्का. आपली चूक आपण सांगणाऱ्या बाईच्या बिया काय मोजायच्या?"

लाडूवालीने मान हलवली.

"नाही, नाईक. मोजाच. आधी माझी सून मोजेल, मग तुम्ही मोजा. मी नुसते लाडू वळेन."

तात्पर्य: बाहेरची बी टाकून मोजणी जुळवता येते, पण हरवलेली बी तेव्हाही कुणाच्या तरी घासातच असते.