भात्यावरचा श्वास

एका राज्यात राजा जिवंत होता, आणि तेच त्या राज्याचं मोठं भय होतं.

राजा धवलसेन आजारी पडला, तेव्हा त्याने मांत्रिक कर्कोटाला मुखत्यारपत्र लिहून दिलं. 'मी असेन तोवर माझ्या हाताची कामं तू कर.' एवढंच. कोणती कामं, कुठवर, ते लिहायचं राहिलं. झालं! राजाचा उजवा हात मनगटापासून गळाला आणि कर्कोटाच्या कुशीतून तिसरा हात होऊन उगवला. मुद्रेची अंगठी त्याच हातात. आज एक गाव विहिरीसकट नाहीसं, उद्या एक रान. इकडे राजाची वाचा बसली. उशाशी दोन भुतं लोहाराचा भाता हलवीत, आणि भात्याच्या तालावर राजाची छाती वरखाली होई.

एके दिवशी हुकूम निघाला, राजकन्या चंपावतीला अमावास्येला राक्षसाच्या घरी द्यावं. खाली बापाचीच मुद्रा.

राजाच्या दालनातल्या समईवरची साळुंकी चंपावतीला म्हणाली, "बाई गं, थरथरतेस काय नुसती? राजाने तीन कागदांवर सही केली. एक कर्कोटाच्या कमरेला. दुसरा नागविहिरीत. तिसरा कुठे लपवला, ते मी पाहिलं नाही."

चंपावती विहिरीत उतरली. नाग अंगावरून सरकत जाईतोवर ती दगड होऊन राहिली. कागद हाती आला. मृत्युपत्र! उलगडून पाहते, तर कोरं.

मागे कर्कोट उभा. तिसऱ्या हाताने त्याने तिची हनुवटी उचलली. ऊब बापाची. तिने मान झटकली.

"वेडी पोर! मृत्युपत्र मेल्यावर बोलतं. आणि तुझा बाप मरेल कसा? तो गेला की माझी मुखत्यारी गेली. म्हणून तर भाता थांबू देत नाही. की घालतेस बापाच्या नरड्यावर पाय?"

कोरा कागद मुठीत धरून ती धावत सुटली ती बापाच्या उशाशी येऊन पडली. गालाखाली उशी कुरकुरली. अभ्र्यात तिसरा कागद शिवलेला होता.

'मी उठेनासा, बोलेनासा झालो, तर माझा श्वास कुणी ओढून धरू नये. मला जाऊ द्यावं. माझ्या वतीने चंपीने बोलावं.'

आता तिला कर्कोटाची भीती राहिली नाही. स्वतःच्या तोंडाची वाटू लागली.

दारात पावलं वाजली. कर्कोट आला. तिने बापाचे पाय धरले नि डोळे मिटले.

"भाता थांबवा."

भुतं राजाच्या सहीला बांधलेली. त्यांनी विचारलं, "साक्ष?"

"माझी," साळुंकी म्हणाली. "सही माझ्यादेखत झाली."

"दोन लागतात."

"दुसरी माझी—"

"तू वारस. तुझी चालत नाही."

कर्कोट खदखदून हसला. तेव्हा जन्मात कधी न बोललेली समई बोलली, "उजेड मी धरला होता."

भुतांनी भाता सोडला. राजाची छाती एकदा वर आली, खाली गेली. पुन्हा आली नाही.

कर्कोटाच्या कुशीतला हात गळून पडला आणि मागे कर्कोटाची नुसती राख उरली. हात सरपटत आला, धन्याच्या मनगटाला जुळला. अजून कोमट होता. चंपावतीने तो आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

बाहेर नाहीशी झालेली गावं विहिरींसकट जागच्या जागी आली. तिच्या मांडीवरच्या कोऱ्या मृत्युपत्रावर अक्षरं उमटू लागली. पहिली ओळ राज्याची नव्हती.

'चंपे, आधी रडून घे. मग वाच.'

ती रडली. तोवर राज्य दाराबाहेर थांबलं.