बोरजाईचा उष्टा नैवेद्य

आमच्या बोरजाईला नैवेद्य उष्टा लागतो. मघाशी देवळात तुमच्यातल्या ताईंनी नाक मुरडलं, ते मी पाहिलं. मला त्याचा राग नाही. मंगळवारी गावातल्या बायका आंबिलीचं गाडगं घेऊन येतात, गाभाऱ्यासमोर उभ्या राहून आधी स्वतः घोटभर पितात आणि मग त्याच गाडग्यातली वाटी भरून गुरवाच्या हाती देतात. बाहेरच्याला हे विपरीत वाटणारच. बाकी सगळ्या मुलखात नैवेद्य चाखायचा नसतो, त्याचा वाससुद्धा घ्यायचा नसतो. इथं मात्र पहिला घोट रांधणारीचा आणि दुसरा देवीचा.

बसा इथं, खडकावर आता सावली आली आहे. माणगंगेला मिळणारा हा ओढा चैत्रातच आटतो आणि मग हा एवढा काळा खडक उघडा पडतो. याला राहीचा खडक म्हणतात. देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, ती तुम्ही वाचली असेल. इंगवले कुळातल्या साध्वी राहीबाईंनी देवीसाठी अन्नत्याग करून देह ठेवला, असं तिच्यावर कोरलं आहे. ते खोटं आहे. राहीनं अन्नत्याग केला नाही. तिला अन्न मिळालं नाही. मी भिकाजी इंगवले, त्याच घरातला, तिच्याच पोराच्या वंशातला. म्हणून मी हे सांगू शकतो, आणि सांगताना मान खाली जाते तीही माझीच.

किती वर्षं झाली ते कुणी मोजलेलं नाही. सात-आठ पिढ्या तरी झाल्या असाव्यात. त्या वेळी आमच्या घराचा कर्ता सुभानराव होता. बायको बयनाबाई, तीन मुलगे, तीन सुना. राही ही धाकटी सून, खंडूची बायको. वय अठरा-एकोणीस असेल. मांडीवर चार महिन्यांचं पोर होतं. ती फार हसायची, असं सांगतात. दुसरं काही तिच्याबद्दल कुणाला आठवत नाही, आणि याचीसुद्धा मला चीड येते. ज्यानं वाडीत एक विहीर खणली त्याची सात पिढ्यांची नावं आम्हाला पाठ आहेत.

आंबील आमच्याकडे उन्हाळाभर. करायला सोपी. जोंधळ्याचं पीठ रात्री ताकात भिजत घालायचं. सकाळी पाण्याला उकळी आली की त्यात ते सोडायचं आणि चाटूनं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. निवली की गाडग्यात ओतून, गाडग्याला ओलं फडकं गुंडाळून ओल्या वाळूवर ठेवायचं. दुपारी वर कांदा चिरून घ्यायचा. एवढंच. गरिबाच्याही घरी होते आणि पाटलाच्याही.

पण आमच्या घरचा नेम कडक होता. गाडग्यातून आधी देवीचा नैवेद्य काढायचा, तो घरच्या पुरुषानं न्यायचा. मग पुरुष बसायचे, मग पोरं, आणि तळाला जे राहील ते बायकांचं. पाहुणा आला की तळही राहायचा नाही. हा नेम कुणी घातला हे कुणाला ठाऊक नव्हतं. बयनाबाई सून होऊन आली तेव्हाही तो होता आणि तिनं तो तीस वर्षं पाळला होता. स्वतः पाळला होता म्हणून सुनांकडूनही पाळून घेत होती.

त्या वर्षी वैशाखात शेजारच्या गावी जत्रेच्या कुस्त्या होत्या. मंगळवार होता. सुभानराव आणि तिन्ही मुलगे पहाटेच निघाले. दुपारच्या जेवणाला परत येतो, मग नैवेद्य नेऊ, असं सांगून गेले. आदल्या रात्री जत्रेचे पाहुणे जेवून गेले होते. त्यांच्यानंतर सुनांच्या वाट्याला अर्धी अर्धी भाकरी आली होती. राहीनं आपल्यातला तुकडा थोरल्या जावेच्या मुलीला दिला, असं म्हणतात.

पुरुष गेल्यावर बायकांनी आंबील केली, गाडगं झाकून वाळूवर ठेवलं आणि कुरडयांचा चीक शिजवायला घेतला. गहू तीन दिवस भिजवून काढलेला चीक, तो वाट बघत नाही. भल्या मोठ्या पातेल्यात घोटायचा, खाली धगधगता जाळ, आणि गरम आहे तोवर सोऱ्यानं धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, कुरडया घालायच्या. सकाळभर राही चुलीपुढं होती, मग धाब्यावर. मध्ये मध्ये खाली येऊन पोराला पाजत होती.

सूर्य डोक्यावर आला. पुरुष आले नाहीत.

ऊन कलायला लागलं तेव्हा ती खाली आली. पाणी प्यायली, ते पोटात राहिलं नाही. भिंतीला धरून उभी राहिली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, घोटभर आंबील द्या. डोळ्यांपुढं अंधारी येतीया."

बयनाबाईनं गाडग्याकडं पाहिलं. सुनेकडं पाहिलं. म्हणाली, "मान्सं येऊ देत. निवद जायाचाय अजून."

राही परत मागायला आली नाही. कुरडयांची वरची बाजू कडक झाली होती, त्या उलटायला ती पुन्हा धाब्यावर गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं, असं आमच्या घरात सांगायचे. म्हटलं नसेल. पण थांब असंही कुणी म्हटलं नाही.

पोर रडायला लागलं. बराच वेळ रडलं तरी ती खाली येईना, तेव्हा बयनाबाई शिडी चढून वर गेली. राही कुरडयांच्या चादरीवर पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं. दोघी जावांनी तिला खाली आणलं, ओलं फडकं अंगावर टाकलं. बयनाबाईनं झाकण काढून गाडग्यात वाटी बुडवली आणि तिच्या ओठांना लावली. आंबील ओठांच्या कडेनं खाली आली. गाडगं काठोकाठ भरलेलं होतं. त्याच्यापासून चार हातांवर ती गेली.

पुरुष दिवेलागणीला आले. मधल्या मुलानं कुस्ती मारली होती, त्याच्या डोक्यावर बक्षिसाचा फेटा होता, पुढं हलगी वाजत होती. दारात हलगी थांबली. सुभानरावाला काय झालं ते कळलं, तेव्हा तो खाली बसला आणि पहिलं वाक्य बोलला, "पोरीनं भूक लागली म्हून सांगायचं हुतं की."

बयनाबाई समोरच होती. तिनं ते ऐकलं.

आणि मग जे झालं, त्याचा मला मरणापेक्षाही जास्त संताप येतो. दुसऱ्या दिवशी लोक भेटायला आले. घरात भरलं गाडगं असताना लेकुरवाळी सून कशी गेली, हे कुणीतरी विचारलंच. सुभानराव म्हणाला, तिनं देवीचं कडक व्रत धरलं होतं, कुणाला बोलली नव्हती. एवढं एक वाक्य. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. पाचव्या दिवशी बायका धाब्याखाली हळदकुंकू वाहायला लागल्या. तिच्या नावानं घुमटी बांधायची, असं पारावर ठरलं. ज्या घरानं तिला वाटीभर आंबील दिली नाही, ते घर तिला दगड द्यायला निघालं. पाटीवरचं कोरीव वाक्य तिथूनच आलं आहे. पाटी लावली तेव्हा मी बैठकीत उभा राहून सांगितलं होतं की हे असं घडलेलं नाही. आबा, आता दगड कोरून झाला, असं मला उत्तर मिळालं.

दहावा दिवस इथं, याच खडकावर झाला. खंडूनं पिंड ठेवले. गाव जमलं होतं. त्या काळी आमच्याकडं बायका दहाव्याला येत नसत. सगळे मागं सरून उभे राहिले आणि कावळ्याची वाट पाहू लागले.

कावळे होते. त्या पलीकडच्या बाभळीवर रांगेनं बसले होते. पण एकही खाली उतरेना. खंडूनं हात जोडून सांगितलं, पोराला सांभाळीन. कावळा हलला नाही. दीरांनी सांगितलं, दर वर्षी तुझ्या नावानं गाव जेवू घालू. सुभानराव पुढं आला आणि म्हणाला, घुमटी बांधीन, वर कळस चढवीन. म्हणे त्या वेळी कावळ्यांनी माना फिरवल्या.

वैशाखाचं ऊन. खडक तापलेला. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय जेवता येत नाही. सकाळपासून कुणाच्या पोटात अन्न नव्हतं. दुपार झाली तशी म्हातारी माणसं बसायला लागली. एकाला चक्कर आली. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करा आणि मोकळे व्हा, किती वेळ उपाशी राहायचं? हे वाक्य आमच्या गावात अजून सांगतात. किती वेळ उपाशी राहायचं, असं विचारलं होतं त्यांनी.

तेवढ्यात वरून बयनाबाई येताना दिसली. कमरेवर आंबिलीचं गाडगं, मागून दोघी सुना, थोरलीच्या कडेवर राहीचं पोर. सुभानराव आडवा गेला. बाईमाणसाचं इथं काम नाही, म्हणाला. ती त्याच्या बाजूनं पुढं गेली आणि पिंडांसमोर गाडगं ठेवून उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, असं सांगतात, पण काठावरच्या माणसालाही ऐकू गेला.

"माझ्या सुनंनं वरत धरलं न्हवतं," ती म्हणाली. "तिला भूक लागली हुती. तिनं मागितलं. मी दिलं न्हाई."

सुभानरावानं तिला गप्प बस म्हणून खुणावलं. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तुमी म्हनला, पोरीनं सांगायचं हुतं. तिनं सांगितलंतं. आमच्या घरात आयकायची रीत न्हवती."

मग ती पिंडांकडं वळली. "राही, आजपास्नं ह्या गावात जी रांधंल ती आदी खाईल. मानसांच्या आदी, पावन्यांच्या आदी, देवीच्याबी आदी. माझ्या जिवात जीव हाय तवर मी ह्ये मोडू देनार न्हाई."

कुणीतरी म्हातारा पुटपुटला की देवीला उष्टं चालणार नाही, गावावर कोप होईल. बयनाबाई म्हणाली, "भरल्या गाडग्याम्होरं पोर मेली, तवा न्हाई झाला कोप. आता हुतोय का बगू."

तिनं वाटी भरून थोरल्या सुनेच्या हातात दिली. थोरली घाबरली. सगळं गाव उपाशी उभं होतं, सासरा समोर होता. बयनाबाईनं वाटी तिच्या ओठांशी नेली. ती प्यायली. मग मधलीनं घेतली, तीही प्यायली. भुकेलेले पुरुष बघत राहिले. मग बयनाबाईनं त्याच उष्ट्या वाटीत आंबील घेतली आणि पिंडांच्या बाजूला खडकावर ठेवली.

असं सांगतात की बाभळीवरून एकच कावळा उतरला. भाताच्या पिंडांना तो शिवला नाही. सरळ वाटीपाशी आला, चोच बुडवली, मान वर करून घोट गिळला आणि पुन्हा बुडवली. वाटी रिकामी होईपर्यंत तो तिथं होता. एवढ्या माणसांत तो दबकला नाही. मग बाकीचे उतरले आणि पिंड खाऊन गेले.

सुतक फिटल्यावरच्या मंगळवारी नैवेद्य उष्टा गेला. मधल्या सुनेनं आंबील केली, तिनं आधी घेतली. गुरव ती वाटी हातात घ्यायला धजेना. तेव्हा सुभानरावानं ती घेतली, स्वतः गाभाऱ्यात गेला आणि देवीपुढं ठेवून आला. त्यानंतर तो जिवंत असेपर्यंत प्रत्येक मंगळवारी त्यानंच नेली. काही जण म्हणतात, त्याला पश्चात्ताप झाला. मला तसं वाटत नाही. त्याला भीती बसली होती. पश्चात्ताप झाला असता, तर व्रताची गोष्ट खोटी होती असं एकदा तरी तो पारावर बोलला असता. तो कधीच बोलला नाही. पण भीतीनं का होईना, वाटी नेली.

गावावर कोप झाला नाही. त्या साली आणि पुढच्या सालीही पाऊसपाणी नेहमीसारखंच झालं, कमीही नाही आणि जास्तही नाही. इतर घरांत लगेच सगळं बदललं असं समजू नका. बयनाबाईला दारोदार जावं लागलं. जेवणाच्या वेळी ती कुणाच्याही चुलीपाशी जाऊन बसायची आणि रांधणारीनं तोंडात घास घातल्याशिवाय उठायची नाही. लोकांनी तिला वेडी म्हटलं. कुत्री सोडली. तिनं वीस वर्षं ते केलं. राहीचं पोर तिच्याच हातावर वाढलं आणि चाटू फिरवायला शिकलेला आमच्या घरातला तो पहिला पुरुष.

ती स्वतः मात्र शेवटपर्यंत सगळ्यांच्या मागून जेवली. तू पण रांधतेस, तू पण आधी खा, असं सुना विनवायच्या. ती म्हणायची, माझ्या हातात पळी होती, माझी पाळी शेवटी. या गोष्टीवर आमच्या घरात अजून भांडणं होतात. माझी बायको म्हणायची, तिलाही कुणीतरी तीस वर्षं उपाशी ठेवलं होतं, तिनं एकटीनंच का भोगायचं?

आजही वैशाखात राहीच्या तिथीला या खडकावर चुली मांडतात. त्या दिवशी आंबील पुरुष ढवळतात आणि बायका ओळीनं बसतात. गुठळ्या होतात, मीठ जास्त पडतं, बायका तोंडावर नावं ठेवतात आणि पितात. आजही मंगळवारी देवीला दुसरा घोट मिळतो आणि तिनं कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. आणि आजही आमच्या गावात नवी नवरी आली की माप ओलांडल्यावर तिला आधी देवघरात नेत नाहीत. सासू तिला हाताला धरून चुलीपाशी नेते, भरलं गाडगं दाखवते, त्यावरचं झाकण नवरीच्याच हातानं काढायला लावते आणि सांगते, "भूक लागली की घ्यायचं. इचारायचं न्हाई."