औषधाचं खरं नाव

“पोर गुणाची आहे हो, पण तोंड उघडेल तर शपथ! अहो, पाटासुद्धा वाटताना बोलतो. ही त्याहून मुकी.”

सरूमामी चुलीपुढे बसून मामाला हळूच सांगत होती. पण दाराआड सरपण घेऊन उभ्या असलेल्या तानूच्या कानांनी ते अलगद टिपलं. तानूला राग नाही आला. आई गेल्यावर मामा-मामीनंच तिला घरी आणलं होतं, आपल्या भाकरीतली अर्धी तिच्या ताटलीत घातली होती. ज्यांच्या चुलीची ऊब घ्यायची, त्यांना काही सांगायचं तरी कसं? म्हणून तिचे शब्द ओठांपर्यंत येत आणि पाय न वाजवता परत जात.

पण मामा पुढे जे म्हणाला, त्यानं तिच्या हातातलं सरपणच गळून पडलं.

“उद्या सकाळी गोंड्यांना औषध मारून घेतो. कीड दिसतेय.”

गोंडे म्हणजे कांद्याची फुलं. बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याला उंच हिरव्या दांड्यावर पांढऱ्या पांढऱ्या चांदण्यांचा गोल चेंडू फुटतो, तो गोंडा. मामाचं सगळं रान अशा चेंडूंनी डुलत होतं. त्यांच्यावर दिवसभर सोनेरी, गुबगुबीत मधमाश्या गुणगुणत. त्या आल्या तरच गोंड्यात बी धरतं. तानू घरात बोलत नसे, पण माश्यांशी भरभरून बोले. परवा शेजारच्या रानात असंच औषध मारलं आणि बांधावर नुसत्या मेलेल्या माश्याच माश्या पडल्या.

ती धावतच रानात गेली. सूर्य केशरी होऊन टेकडीवर टेकला होता. बांधावर एक माशी उताणी पडून पाय हलवत होती. मामीनं दुपारी दिलेला गुळाचा खडा तानूनं अजून जपून ठेवला होता. तिनं तो पाटाच्या पाण्यात विरघळवला आणि पानाच्या टोकावरून एकेक थेंब माशीला पाजला. माशी थरथरली, पंख झटकून उडाली आणि सगळ्यात मोठ्या गोंड्यावर जाऊन बसली.

गोंडा लखकन उजळला! चांदण्या बाजूला सारून बोटभर उंचीची परी बाहेर आली. कांद्याच्या गुलाबी पापुद्र्याचा झुळझुळीत झगा, परागाचा पिवळाधमक मुकुट, दवाचे पंख. डोळ्यांत मात्र सारखं पाणी. कांद्याच्या फुलात राहायचं म्हणजे तेवढं व्हायचंच.

“स्वतःचा खाऊ माझ्या माशीला दिलास होय गं? माग, सोनुले. पण एकच इच्छा हं!”

“उद्याच्या औषधापासून माझ्या माश्यांना वाचव,” तानू कुजबुजली.

परीनं छडी फिरवली. दोन निळ्या ठिणग्या उडाल्या आणि छडी फुस्स झाली.

“अगं, औषधानं बरं वाटतं. त्याला मी कशी अडवू? माझ्या छडीला खोटं नाव कळत नाही. खऱ्या नावानं हाक मार त्याला. आणि माझ्या कानात नाही हं, ज्यांच्या हातात ते आहे त्यांच्यासमोर, मोठ्यानं.”

“मी? मोठ्यानं?”

“नियम काही मी नाही केले, बाई,” परी डोळे पुसत म्हणाली आणि गोंड्यात शिरली.

सकाळी रानाच्या बांधावर मामानं पाठीवर पंप चढवला. मामी त्याच्या नाकाला फडकं बांधत होती. “वास घेऊ नका. आणि मारून झालं की आधी साबणानं हात धुवा, मगच पोरीला जवळ घ्या.”

तानूला आठवलं. ताप आला होता तेव्हा मामीनं मांडीवर घेऊन मधात उगाळलेली मुळी बोटानं चाटवली होती. तेव्हा नव्हतं बांधलं कुणी नाकाला फडकं!

ती पंपापुढे हात पसरून उभी राहिली. आधी घशातून माशीसारखं नुसतं गुं-गुं आलं. मग एकदम,

“मामा, मामीनं मला मधातून दिलं, ते औषध! हे औषध नाही. हे विष आहे, विष!”

सगळे गोंडे एकदम झगमगले. मामानं दचकून पंप उतरवला, झाकण उघडलं, तर आत चांदीसारखं नितळ दव! तो मटकन बांधावर बसला. “खरंच की गं. जन्मभर आम्ही त्याला औषधच म्हणत आलो. पण पोरी, किडीचं काय करू?”

परीनं हसून झगा झटकला. त्यातून लाल, ठिपकेदार, इवलेसे ढालकिडे भुरुभुरु उडाले आणि कीड वेचून खाऊ लागले. “आभारी आहे, तानुले,” परी म्हणाली. हजारो माश्यांनी तिच्याभोवती सोनेरी फेर धरला, फेर उजळत उजळत गेला आणि त्या उजेडात परी विरून गेली.

त्या वर्षी गोंड्यांत काळंभोर, टपोरं बी धरलं. फुलोऱ्यात पंप उचलायचा नाही, हे शेजाऱ्यांनीही ठरवलं. माश्यांनी अंगणातल्या लिंबावर मोठ्ठं पोळं बांधलं आणि त्यातून तानूच्या ताटलीत मधाचे थेंब टपटपू लागले. मामीनं अख्खी भाकरी वाढली, तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, “पोरी, तुझे उपकार गं. पण त्या दिवशी एवढं बोलणं आलं तरी कुठून?”

तानूनं बोट चाटलं, कोपऱ्यातल्या पाट्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली.

“मामी, काही वाटल्याशिवाय पाटा तरी कुठं बोलतो? मला वाटलं. माश्यांसाठी, आणि तुमच्यासाठीसुद्धा.”