दोन टोपल्या माती

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. थंडी कडक, आभाळ निरभ्र, वारा मुळीच नाही. त्या दिवशी कातळवाडीचा धोंडजी गवंडी लेकीचं घर बांधायला डोंगर उतरून पाणथर गावी आला.

धोंडजीचं नाव पंचक्रोशीत होतं. बारा वर्षांपूर्वी मोठा भूकंप झाला, तेव्हा कातळवाडीत त्याने बांधलेली एकही भिंत पडली नव्हती. तो भिंतींत दर तीन हातांवर लाकडी पट्ट्या घाली, कोपरे लांब दगडांनी सांधून घेई. लोक म्हणत, "धोंडजीचं घर म्हणजे डोंगराचंच पोर."

लेकीची, सगुणाची, जागा जुन्या तळ्यावर होती. तळं बुजून दोन पिढ्या झाल्या होत्या. आता तिथे नुसतं गवत दिसे.

त्या मुलखात पाया घालण्याआधी जमिनीची परीक्षा घेत. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरायची. माती उरली तर जमीन घट्ट, कमी पडली तर जमीन पोकळ.

माती कमी पडली. चांगली वीतभर.

विहिरी खणण्यात हयात घालवलेला म्हातारा मल्लू कडेला उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "धोंडजी, खाली दहा हात गाळ आहे. तो उपसून पाया खडकाला टेकव, नाहीतर जागा बदल."

"मल्लूबाबा, विहिरी खणून खणून तुम्हाला जिथं-तिथं पाणीच दिसतं," धोंडजी हसला. "माझं घर भूकंपात हललं नाही."

"घर हललं नाही, की खालचा खडक हलला नाही?"

गाळ उपसायचा म्हणजे वर्ष गेलं असतं. सगुणाला सातवा महिना होता. ती म्हणाली, "आबा, झोपडीत फार गारठा आहे हो. बाळ नव्या घरात येऊ दे."

मुहूर्त टळत चालला होता. मल्लू घरी गेल्यावर धोंडजीने बांधावरून दोन टोपल्या माती आणली, खड्ड्यात ओतली आणि पायाने चोपली.

"माती पुरली गं," तो म्हणाला.

सगुणाने दोन्ही हातांनी त्या मातीवर हळदकुंकू वाहिलं.

घर झालं. तेच जाड दगड, त्याच पट्ट्या, तेच कोपरे. बाळ तिथेच जन्मलं.

चौथ्या वर्षी, माघ वद्य तृतीयेला, स्वच्छ उन्हाच्या दुपारी जमीन हादरली. कातळवाडीत फडताळातली चार भांडी पडली. पाणथरचा गाळ मात्र मडक्यातल्या ताकासारखा कितीतरी वेळ डुचमळत राहिला.

धोंडजी अनवाणी डोंगर उतरला. त्याने भिंतींवरून हात फिरवला. एकही तडा नव्हता, कोपऱ्याचा एकही सांधा सुटला नव्हता. अख्खं घरच पूर्वेला दीड हात खचून कललं होतं, आणि आढं निसटून माजघरात आलं होतं. जावई रानात होता. मुलगा मल्लूच्या ओसरीवर खेळत होता. सगुणा आढ्याखाली सापडली, उंबऱ्यापासून दोन हातांवर.

तात्पर्य: आपलं कसब ज्या जमिनीवर खरं ठरलं, ती जमीन आपल्यासोबत येत नाही. नव्या जागी आधी तिथल्या मातीचं ऐकावं, आणि तिने दिलेलं उत्तर टोपलीने झाकू नये.