नदीच्या पटावरचा भोवरा

राजांची नावे लोक विसरले, पण त्यांच्या काळातला खेळ विसरले नाहीत, अशा एका फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका डोंगराळ मुलखात एक म्हातारा राहत होता. त्याने एक खेळ रचला होता. खेळाचे नाव वाटपट.

जमिनीवर रंगवलेला कापडी पट पसरायचा. पटावर जंगले, किल्ले, खिंडी. एकाने वाटाड्या व्हायचे आणि पुढे काय दिसते ते सांगायचे. बाकीच्यांनी सोंगे घ्यायची, कुणी चोर, कुणी वैदू, कुणी माहूत. अडचण आली की कवड्या टाकायच्या. कवड्या चांगल्या पडल्या तर निभावले, नाहीतर वाघाने गाठलेच म्हणून समजा. माणसे ओसरीवर बसल्या बसल्या समुद्र ओलांडत आणि घरी त्यांच्या भाकरी गार होत.

म्हातारा मनाने मोकळा होता. सगळे जग आपल्या एकट्याच्या हातून रंगवून होणार नाही, हे त्याला कळत होते. म्हणून त्याने जाहीर केले होते, "खेळाचे नियम सगळ्यांचे. ज्याला हवा त्याने नवा मुलूख रंगवावा, विकावा, मला विचारायलाही येऊ नये. फक्त पटाच्या काठावर खेळ कुणाचा ते लिहावे. माझी दिव्याची खूण आपल्या पटावर काढू नये. आणि एकाक्ष, म्हणजे एका डोळ्याची, राणी व तिचे सोबती ही मी घडवलेली पात्रे आहेत, त्यांना माझ्याच पटांवर राहू द्यावे. कुणाची चूक झाली तर कळल्यापासून पुढच्या अमावास्येच्या आत सुधारावी. नाही सुधारली तर परवानगी संपली."

हे सारे त्याच्या प्रत्येक पटाच्या मागे लिहिलेले असे. पण पट पसरला की मागची बाजू मातीकडे जाते. म्हणून ते वाचलेले असूनही बहुतेकांना आठवत नसे.

त्याच मुलखात एक तरुण चितारीण होती. तिचे हात कधी स्वस्थ नसत. कणीक मळतानाही ती पिठात बोटाने वळणे काढत बसे. एका उन्हाळ्यात तिने एक नदी रंगवली. नदीवर होड्यांचे गाव होते. होडीवर चूल, होडीवर तुळस, एका होडीवर तर कुंपण घातलेल्या शेळ्या. असा पट त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता. तिने काठावर म्हाताऱ्याचे नाव नीट लिहिले आणि पट जत्रेतल्या व्यापाऱ्याकडे नेला.

व्यापाऱ्याने पट उलगडला, मान डोलावली आणि विचारले, "राणी कुठंय?"

"राणी नाही. हा माझा मुलूख आहे."

"बाई, नदी छान आहे. पण नदी बघायला लोक घाटावर फुकट जातात. राणी असली की पट हातोहात जातो बघा."

चितारीण घरी आली. पण तिला बसवेना, उठवेना. इतकी सुंदर नदी गुंडाळून फडताळात पडणार? अटी तिला पाठ होत्या. तरी तिने कुंचला उचलला आणि नदीच्या मधोमध, एका लहान होडीत, एक पाठमोरी बाई काढली. चेहरा नाही, नाव नाही. फक्त राणी पांघरते तसा लाल शेला. 'मी कुठे राणी काढली?' ती मनात म्हणाली. 'ज्याला ओळखायची तो ओळखेल.'

सगळ्यांनीच ओळखली. व्यापारी मागेल तितके पट तिने पुन्हा पुन्हा रंगवले आणि ते गावोगावी गेले. चितारीण मात्र दारात पाऊल वाजले की दचके. लाल रंगाची वाटी तिने उतरंडीमागे सारली होती, तरी तिची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जाई.

एका सकाळी म्हातारा खरोखरच दारात उभा राहिला. काखेत त्याचा स्वतःचा नवा पट होता.

"पोरी, पाणी दे आधी. मग भांडू."

पाणी पिऊन तो म्हणाला, "पलीकडच्या खोऱ्यात गेलो होतो. हा पट तिथं पसरला. यात राणी सिंहासनावर बसलीय. तर पोरं खेळेचनात. एक चिमुरडी म्हणाली, आजोबा, ती तर बुडाली. आम्ही रडलो पण."

चितारिणीच्या लगेच लक्षात आले. तिच्या नदीवर कवड्या वाईट पडल्या की होडी उलटत असे.

"मी तिचं नाव लिहिलं नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"लिहिलं असतंस तर निदान चूक म्हणता आली असती. लपवलंस म्हणजे जाणूनबुजून केलंस." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागले. "तुझी नदी मला आवडली, पोरी. शेळ्यांची होडी तर माझ्या डोक्यात कधी आली नसती. पण राणीला मी वाढवलंय. ती कुठं मरणार ते मी ठरवायचं ना? आता अमावास्येच्या आत प्रत्येक पटावरून तिला काढ. नाही काढलंस तर तुझी नदी या खेळात पुन्हा पसरली जाणार नाही."

चितारीण कात्री घेऊन निघाली. पट गावोगावी विखुरले होते. रंग खरवडून निघेना, त्यामुळे होडीसकट तुकडा कापावा लागे. कुणी हसले, कुणी म्हणाले, "काय गं, विकलेला पट फाडायला आलीस होय?" ती उत्तर न देता कापत राही. प्रत्येक वेळी तिच्या स्वतःच्याच नदीला भोक पडत होते. चंद्र बारीक होत होता आणि तिचे पाय थांबत नव्हते.

पलीकडच्या खोऱ्यातला पट शेवटचा होता. पोरे भोवती गोळा झाली. कात्री फिरली, तुकडा हातात आला आणि तीच चिमुरडी ओरडली, "राणीला पाण्यातून काढलं! जिवंत आहे!"

चितारिणीने भोकावर ठिगळ लावायला कापड काढले. तेवढ्यात ती मुलगी भोकात बोट घालून म्हणाली, "ताई, शिवू नकोस ना. इथून खाली काय आहे?"

चितारीण थबकली. मग तिने निळा दोरा घेतला आणि भोकाच्या कडेने गोल गोल टाके घातले. भोवरा तयार झाला. त्या संध्याकाळी मुले तो पट खेळली. वाटाड्या झालेला मुलगा सांगू लागला, "होडी भोवऱ्यापाशी आली," आणि राणीची आठवणसुद्धा कुणी काढली नाही. परत जाताना तिने प्रत्येक गावी निळे टाके घातले.

अमावास्येच्या आदल्या दिवशी तिने तुकड्यांची पुरचुंडी म्हाताऱ्याच्या हाती दिली. भोवऱ्याची बातमी त्याच्या कानावर आधीच गेली होती. त्याने पुरचुंडी उपरण्यात बांधली आणि एवढेच विचारले, "खाली काय आहे गं, त्या भोवऱ्याच्या?"

"मलाही माहीत नाही, आजोबा."

पुढच्या जत्रेत लोक भोवऱ्याचा पट मागू लागले. आणि एक दिवस दुसऱ्या गावची एक विणकरीण तिच्या दाराशी आली. "ताई, भोवऱ्याखालचं गाव मी रंगवू का?"

"भोवरा माझा आहे," चितारीण झटकन म्हणाली आणि दार लावून घेतले.

पण तिला चैन पडेना. ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली. शेवटी तिने आपला पट उचलला आणि उलटा पसरला. मागची बाजू कोरी होती. म्हाताऱ्याने आपल्या पटांमागे 'सगळे माझेच' असे लिहिले असते तर आपली नदी वाहिली असती का? आणि त्याने काहीच लिहिले नसते तर राणी आज कुठे असती?

तिने दार उघडले. विणकरीण अजून अंगणात घुटमळत होती.

"आत ये. भोवरा घे, खालचं सगळं गाव तुझं. काठावर म्हाताऱ्याचं नाव लिही, त्याखाली माझं. फक्त माझ्या शेळ्यांना खाली नेऊ नकोस."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा! तुझ्या शेळ्या तू काढ."

दोघी हसल्या. मग चितारिणीने पटाच्या कोऱ्या पाठीवर हेच शब्द लिहायला घेतले. लिहिताना तिचा हात पहिल्यांदाच स्थिर होता.

तात्पर्य: दुसऱ्याच्या उघड्या दारातून आत जाताना त्याचा उंबरठा ओळखावा, आणि आपले दार उघडताना आपला उंबरठा स्पष्ट दाखवावा.