वाढलेली बांगडी

एका गावात एक कासारीण होती, आणि ही गोष्ट सुरू होते तेव्हा ती वकिलाशी कडाकडा भांडत होती. भांडत होती तीही त्याच्याच ओसरीवर, त्याच्याच लेकीचा हात हातात धरून. त्या संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लेकीचं लग्न होतं, आणि हिरवा चुडा भरायला सगळ्या पंचक्रोशीत दुसरं कोणी नव्हतं.

"ठरलेला मेहनताना पुरता टाक, मग सनद ने," वकील म्हणाला. तो झोपाळ्यावर बसला होता आणि पायाने झोका घेत होता.

"काम पुरतं केलंत का?" कासारणीने विचारलं. तिने एक बांगडी मुलीच्या मनगटात सरकवली.

"काम हाती घेतलं तेव्हाच आकडा ठरला होता."

"ठरला होता तो निकाल लागेपर्यंतचा. लागला निकाल? तुम्ही अर्ज लिहिलात, एकदा न्यायाधीशापुढे उभे राहिलात. त्याचे पैसे मी पदरात बांधून आणलेत, आत्ता मोजून देते. पुढे तुम्हाला दरबारातला बडा खटला मिळाला आणि माझा दिलात सोडून. काम राहिलं अर्धं, हिशेब तेवढा वाढला!"

"म्हातारे, जिभेला आवर घाल."

"जीभ चालवायचे पैसे तुम्ही घेता, वकीलसाहेब. माझी फुकट चालते."

चुडा बघायला जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. वकिलाचा झोपाळा थांबला.

कासारणीचं एवढं काय अडलं होतं ते सांगायला हवं. वेशीखाली एक दगडी ओटा होता. त्या ओट्यावर बसून बांगड्या विकायचा हक्क तिच्या आजेसासूला जुन्या राजाने सनद लिहून दिला होता. आता गावातल्या शेठजीला तिथे कापडाचं दुकान थाटायचं होतं, म्हणून त्याने ओट्यावर दावा ठोकला होता. सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. वकील नसला तरी कासारीण स्वतः उभी राहायला तयार होती. पण सनदेवाचून कोण ऐकणार? आणि सनद होती वकिलाच्या कपाटात, कुलूपबंद.

"उद्या माझा ओटा जाईल हो," ती म्हणाली. या वेळी आवाज जरा खाली आला होता.

"मग पैसे दे. नाहीतर जाऊ दे ओटा. टोपली घेऊन दारोदार हिंड."

मुलीचा डावा हात भरून झाला होता. उजवा अजून मोकळाच होता. कासारणीने तो हात सोडला, उरलेल्या बांगड्या पुन्हा दोरीत ओवल्या, दोरीला गाठ मारली आणि ती उठून उभी राहिली.

एका हाताने मोकळी नवरी बोहल्यावर उभी राहत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ऊन अंगणातून वर भिंतीवर सरकू लागलं होतं.

वकिलाची बायको पुढे धावली. "काकू, असं नका हो करू! मुहूर्त टळेल!"

"तुमच्या यजमानांना सांगा."

वकील ताडकन उठला. "मला कोंडीत धरतेस? ओलांड तो उंबरा! तुझ्या पाठोपाठ तुझी सनद चुलीत जाईल!"

उंबऱ्याशी कासारीण थांबली. तिला पक्कं कळत होतं की नुसती अंगणात जाऊन बसली, तरी दिवेलागणीच्या आत हा माणूस सनद घेऊन पाया पडत येईल. चुलीत घालायची छाती त्याला नव्हती. लेकीच्या लग्नात नाक कापून घेणाऱ्यांतला तो नव्हता.

तिने मागे वळून पाहिलं. मुलगी पाटावर तशीच बसली होती. रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. उजवा हात मात्र तिने तसाच पुढे धरून ठेवला होता. बारशाला याच हातात कासारणीने काळ्या मण्यांच्या मनगट्या बांधल्या होत्या.

'भांडण बापाशी आहे,' कासारीण मनात म्हणाली. 'हात लेकीचा आहे.'

ती परत येऊन बसली आणि तिने दोरीची गाठ सोडली.

"बघा, उतरला तोरा!" वकील हसला आणि पुन्हा झोपाळ्यावर बसला. कासारणीने मान वर केली नाही. तिने मुलीचा अंगठा आत मुडपला, तळवा दाबला. "सैल सोड गं पोरी हात. तुझा काय दोष?" पण भीतीने हात ताठलेला होता. कट्कन आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

"वाढली गं, वाढली," बायका पुटपुटल्या. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं असतं. त्यातून लग्नघरात तर मुळीच नाही. कासारणीने काचा वेचून बाजूला ठेवल्या आणि हात पुरता भरला. मुलीने वाकून नमस्कार केला. दोन्ही मनगटं हिरवीगार किणकिणली.

वकिलाची बायको शरमून गेली होती. ती पैसे मोजायला बसली. "काकू, त्या वाढलेल्या दोन्हीही धरते हं. तुमचं नुकसान नको."

"त्या कशाला धरायच्या?" झोपाळ्यावरून वकील कडाडला. त्याच्या घरात कायदा दुसऱ्या कोणी सांगितलेला त्याला खपत नसे. "हातात चढायच्या आधी वाढली ती बांगडी कासाराची! चढल्यावर वाढली तर गिऱ्हाइकाची. बापजाद्यांपासूनचा रिवाज आहे. विचार तिलाच!"

कासारणीने टोपली उचलता उचलता खाली ठेवली. मग ती एकच वाक्य बोलली.

झोपाळा थांबला. बायका वकिलाकडे बघत राहिल्या. शेवटी नव्या चुड्याची किणकिण ऐकू आली. लेकीने बापापुढे हात पसरला होता, किल्लीसाठी. तिच्या डोळ्याला डोळा न देता त्याने कनवटीची किल्ली काढली. कासारणीने पदराची गाठ सोडून केलेल्या कामाचे पैसे झोपाळ्यावर ठेवले, सनद कपाळाला लावली आणि ती चालू लागली. दुसऱ्या दिवशी ओटा तिचाच राहिला.

आता तात्पर्य. ते मी पदरचं कशाला घालू? त्या ओसरीवर ती जे बोलली, तेच:

"माझ्या हातून वाढलं ते माझं, तर तुमच्या हातून निकालाआधीच वाढलं ते तुमचं, वकीलसाहेब, आणा माझी सनद."